नाकातला पूल तोडायला सोलापूरच्या नऊ फेऱ्या

"पाच मिनिटांचं काम, कापलं की सुटलं," असं मला सांगितलं होतं. त्या पाच मिनिटांपायी बार्शी-सोलापूर एस.टी.च्या नऊ फेऱ्या झाल्या, म्हणून लिहितोय.

आधी नाकाच्या मधल्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं. महिनाभर श्वास झकास, मग डावी बाजू हळूहळू बंद. दुर्बिणीत दिसलं की पडदा आणि बाजूचं मांस, म्हणजे टर्बिनेट, यांच्यात पांढरट पट्टा तयार झालाय. डॉक्टर त्याला सायनेकिया म्हणतात. दोन्हीकडचं अस्तर सोललं गेलं आणि ओल्या जखमा एकमेकींना टेकल्या, की त्या मिळूनच भरतात. त्यामुळे कापणं हे निम्मंच काम. जखमा भरेपर्यंत दोन्ही भिंती लांब ठेवणं हे उरलेलं.

पहिल्या दवाखान्यात निम्मंच झालं. जागा बधिर केली, कापलं, दोन दिवस नाकात बोळे (पॅकिंग), घरी जा. ९ हजार सांगितले होते, बिल १७ हजारांचं. दुर्बिणीचे वेगळे, प्रत्येक सफाईचे वेगळे! महिन्यात नाक परत चिकटलं. विचारलं तर म्हणे, तुमची प्रकृतीच तशी. तेव्हा आकडा सफाईसकट कागदावर लिहून घ्या, आणि "मध्ये काय ठेवणार?" हे आधी विचारा. उत्तर "काही नाही" आलं तर उठून या.

दुसऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मांस फुगलंय, आत जागाच नाही, नुसतं कापलं तर परत टेकणार. म्हणून पूर्ण भूल देऊन मांस थोडं कमी केलं, पट्टा कापला आणि सिलिकॉनची स्प्लिंट, म्हणजे दोन्ही भिंती लांब ठेवणारी पातळ पट्टी, पडद्याला टाक्यानं अडकवली. कात्री, लेझर की कोब्लेशन (रेडिओ लहरींनी मांस विरघळवायची पद्धत) यावर डोकं खपवू नका. लेझरनं रक्त कमी येतं, पण भाजलेली जागाही जखमच असते. परत चिकटू नये म्हणून काही जण मायटोमायसिन हे पेशींची वाढ रोखणारं औषध लावतात, पण त्याच्या भरवशावर स्प्लिंट टाळू देऊ नका. ऑपरेशनच्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. झोपलो, उठलो.

खरा घाट पुढे. दहा दिवस स्प्लिंट, त्यात सोलापूरचा मे महिना. रात्रभर तोंडानं श्वास, जीभ कातड्यासारखी. स्प्लिंट काढायला दहा सेकंद लागली, पण त्यानंतरची सफाई! नळी आत जाते, खपली ओढली जाते, डोळ्यांतून धारा, आणि डॉक्टर म्हणतात, "झालंच." झालेलं नसतं. आठवड्यातून एकदा, असं एकूण चार वेळा. तरी एकही चुकवू नका, पूल परत बांधला जातो तो या दिवसांतच.

सोबत माणूस न्या. परतीला उभ्यानं प्रवास नको, मी वैरागपर्यंत उभा आलो आणि रुमाल लाल झाला. नाक धुवायला मिठाचं पाणी उकळून गार केलेलंच वापरा, नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या. तपकीर बंद. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. खिसा रिकामा असेल तर सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात जा. वेळ जाईल, पण मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे.

चौथ्या सफाईनंतर सात रस्त्याला उभा होतो. भज्यांचा वास आला. उजवी नाकपुडी बोटानं दाबून पाहिली, तरी आला. दोन प्लेट खाल्ल्या आणि एस.टी. चुकली.