घरचाच दगड परका निघाला

कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या मारडीहळ्ळीला गाडी थांबली आणि भूशास्त्राच्या प्रबंधासाठी मला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "हातोडा गाडीतच राहू दे." ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथं फक्त बघायचं.

मी वाढलो खंडाळ्याच्या घाटाखाली. माझ्या लेखी लाव्हा म्हणजे पायऱ्यांसारखे आडवे थर, एकावर एक. इथं तसं काहीच नव्हतं. धान्याची पोती रचून ठेवावीत तसे हिरवट काळे गोळे, एकमेकांत दाबून बसलेले. याला पिलो लाव्हा म्हणतात. तापलेला लाव्हा पाण्यात शिरला की बाहेरची साल क्षणात थिजते, आतला रस साल फोडून पुढे येतो, त्याचीही साल थिजते, आणि उशीवर उशी चढत जाते.

"वर कुठली बाजू?" सरांनी विचारलं. हा आमच्या धंद्यातला तोंडी परीक्षेचा प्रश्न. उशीचा माथा गोल असतो आणि बूड खालच्या दोन उशांच्या फटीत शेपटासारखं उतरतं. मी शेपूट दाखवलं, पास झालो.

अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक, पण तिथं पाणी होतं एवढं तो आजही स्वच्छ सांगतो. कुठलं पाणी, ते मात्र सांगत नाही. महासागराच्या मधोमध फाटणारा तळ असेल, पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली जाते तिथली ज्वालामुखी बेटांची रांग असेल, नाहीतर बुडालेला खंडाचा काठ असेल. उशा तिन्हीकडे होतात. यातलं कुठलं, हाच माझा प्रश्न होता. शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "बंगारा सिगुत्ता?" सोनं मिळेल का? मी म्हटलं, "इल्ला अज्जा." ते निराश होऊन गेले. मी त्या वेळी काय शोधतोय हे त्यांना कन्नडमध्ये सांगणं मला जमलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मराठीतही नीट जमलं नसतं.

नमुने आम्ही स्मारकापासून दूर, त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागांवरून घेतले. शिरा असलेले तुकडे टाकून दिले. एवढ्या जुन्या खडकातलं सोडियम, पोटॅशियम पाण्याबरोबर इकडेतिकडे गेलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवायचा नसतो. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, थोरियम ही मंडळी सहसा जागा सोडत नाहीत. १९७३ मध्ये पिअर्स आणि कॅन यांनी अशा मूलद्रव्यांवरून आलेख बांधले, त्यात एकेक चौकट म्हणजे लाव्हा जन्मण्याची एकेक जागा, आणि एकेक ठिपका म्हणजे एकेक नमुना. तेव्हापासून आमच्यातला प्रत्येक विद्यार्थी आपले ठिपके कुठल्या चौकटीत पडतात ते बघत आलाय.

माझे ठिपके बघून मी हरखलो. बरेच बेटांच्या रांगेकडे झुकत होते: थोरियम जास्त, नायोबियम कमी. म्हणजे तेव्हाही एक प्लेट दुसरीखाली जात होती! प्रबंधातल्या प्रकरणाचा मथळासुद्धा ठरला.

"सगळ्यात पक्का नमुना कुठला?" सरांनी विचारलं.

"सतरा नंबर, सर. अगदी पुस्तकी."

सर हसायला लागले. लॅबला पाठवायच्या बाटल्यांमध्ये त्यांनी एक भुकटी गुपचूप सरकवली होती. "अरे, सतरा नंबर तुझ्या घाटातला आहे. बुशे फॉर्मेशन, दख्खनच्या लाव्ह्यातला एक थरसमूह."

मी आलेखाकडे बघत राहिलो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, खंडाच्या कवचातून वर फुटून आलेला. जवळपास कुठली प्लेट कुणाखाली जात नव्हती. पण बुशेचा रस वर येताना कवचात रेंगाळला आणि वाटेतला ग्रॅनाइटी खडक वितळवून पोटात घेतला. त्या कवचातच थोरियम जास्त, नायोबियम कमी. ती चव लाव्ह्यात उतरली. त्याच सह्याद्रीतल्या आंबेनळी या दुसऱ्या थरसमूहाच्या लाव्ह्याला तिचा जेमतेम स्पर्श झालाय, म्हणून तो असा फसवत नाही.

खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भट्टीत तापवल्यावर वजन किती घटतं, तो आकडा मी बघितलाच नव्हता. चित्रदुर्गचा हिरवा रंग क्लोराइट आणि ॲक्टिनोलाइटचा. ही खनिजं पाणी धरून बसतात, म्हणून ते खडक तापवले की हलके होतात. सतरा नंबरचा ताजा बेसाल्ट जवळपास तसाच राहिला होता. माझ्याच तक्त्यात, शेवटच्या रकान्यात.

मथळा खोडला. आता वाक्य असं होतं: प्लेट खाली जाण्याची खूण असेल, किंवा जुन्या कवचाची भेसळ असेल. सरांनी समासात लाल पेनाने लिहिलं, "खाली काय आहे ते आधी बघ."

म्हणून डिसेंबरात आम्ही चिकमगळूरकडे गेलो, बाबाबुदनच्या डोंगरात. तिथल्या जुन्या लाव्ह्यांच्या मधे क्वार्टझाइटचे, म्हणजे वाळूच्या घट्ट झालेल्या खडकाचे, थर आहेत आणि त्यांच्यावर उथळ पाण्याच्या लाटांच्या खुणा. तळाशी गारगोट्यांचा थर, त्याखाली त्याहून जुना नाइस हा पट्टेदार खडक. म्हणजे हे लाव्हे आधीच तयार असलेल्या कवचावर सांडले होते. मी वाकून त्या गारगोट्यांवरून हात फिरवला. सर पलीकडे नाइसवर बसून डबा उघडत होते. "आता सांग," ते म्हणाले, "सतरा नंबर कुठून आला, ते तुला कशावरून ओळखता आलं असतं?"

मी वही उघडली आणि पहिल्यांदा त्या जागेचा छेद, म्हणजे कुठला थर कशावर आहे त्याचं चित्र, काढायला घेतला.