टेपमध्ये गुंडाळलेली हिरवी वायर

काकूंनी फोनवर तक्रार सांगितली ती अशी. नवा ओव्हन लावला तेव्हा तो चालू केला की घरभराची लाइट जायची. एकाने येऊन काहीतरी केलं आणि लाइट जाणं थांबलं. आता ओव्हनच्या मुठीला एक हात आणि सिंकच्या नळाला दुसरा लागला की झिणझिण्या येतात. एकदा केक भाजत असताना ओल्या हाताने मूठ धरली, तेव्हा जोराचा झटका बसला आणि त्याच क्षणी घरची लाइट गेली. झिणझिण्यांपेक्षा मला या शेवटच्या वाक्याची धास्ती वाटली. डीबीमधली (विजेच्या मुख्य डब्यातली) स्वयंपाकघराची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून ठेवा आणि मी येईपर्यंत वर करू नका, एवढं सांगून निघालो.

पुण्यातली जुनी इमारत, सिंगल फेज मीटर, मंजूर भार ५ किलोवॅट, मेनला ४० अँपिअर. नव्या मॉड्युलर किचनमध्ये चार झोनचा इंडक्शन हॉब आणि त्याच्या खाली बिल्ट-इन ओव्हन. हॉबच्या पाटीवर ७.४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला ३२ अँपिअर. ओव्हन ३.४ किलोवॅट, म्हणजे जवळपास १५ अँपिअर. हे दोन्ही एकाच १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर होते. ओव्हनचा पिन टॉप सॉकेटमध्ये आणि हॉबची केबल त्याच सॉकेटच्या मागे स्क्रूत घुसवलेली. सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. मागून आलेली वायर २.५ स्क्वेअर एमएमची. पाइपातून नेलेली ही वायर साधारण २० अँपिअरपर्यंत निर्धास्त चालते. पण एमसीबी सारखी पडते म्हणून कोणीतरी ती बदलून ३२ अँपिअरची बसवली होती.

इथे एक गोष्ट सुटी करून सांगायला हवी. एमसीबी वायरीचं रक्षण करते, यंत्राचं नाही. ३२ च्या एमसीबीतून ३६ अँपिअर वाहत राहिले तरी ती तासभर पडणार नाही. तिचं मानकच तसं आहे, १.१३ पटीला तिने तग धरायचा असतो. त्या तासात २.५ ची वायर भिंतीच्या आत भाजून निघते. वायर तीच ठेवून मोठी एमसीबी लावणं म्हणजे भिंतीत आगीची सोय करून ठेवणं.

सॉकेट उघडलं तेव्हा खरं कारण सापडलं. हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कापून, टोकाला काळी टेप गुंडाळून डब्याच्या कोपऱ्यात दाबून ठेवली होती. डीबीत आरसीसीबी असते, गळती ओळखून घरभराची लाइट तोडणारा स्विच. ती जाणारा आणि परतणारा प्रवाह तोलून बघते. दोन्हींत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह तिसऱ्या वाटेने जमिनीत गेला, तर ती पडते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते. ओव्हनमधून गळती होत होती, ती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जात होती आणि आरसीसीबी आपलं काम करत होती. अर्थ कापल्यावर गळतीला वाटच उरली नाही. फरक नाही, म्हणून आरसीसीबी गप्प. ओव्हनचा पत्रा मात्र विजेखाली आला. काकूंनी मूठ आणि नळ एकदम धरला तेव्हा ती वाट त्यांच्या शरीरातून तयार झाली. जुनी जीआयची (लोखंडी) पाइपलाइन असल्याने नळ जमिनीशी पक्का जोडलेला होता. झटका बसला तेव्हा लाइट का गेली, त्याचं उत्तर हे आहे. आरसीसीबी जागेवर होती म्हणून त्या बचावल्या.

मीटरने दोन रीडिंग घेतली, पत्रा आणि नळ यांच्यात. ओव्हन प्लगमध्ये पण बंद असताना ११० व्होल्टच्या आसपास. भाजण्याचं बटण चालू केल्यावर २०० च्या वर. पहिल्या आकड्याने घाबरायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेल्या यंत्रात फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. झिणझिण्या त्याच्याच. अर्थ जोडला की त्या जातात. दुसरा आकडा मात्र कॉइलमधला दोष दाखवतो.

ओव्हनचा प्लग काढून खालच्या कॉइलची दोन्ही टोकं सोडवली आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. टोक ते पत्रा रीडिंग ०.०१ मेगओहम, म्हणजे फक्त १० किलोओहम. २३० व्होल्टला २३ मिलिअँपिअर गळती. वरची ग्रिलची कॉइल मात्र ५० मेगओहमच्या वर. (मेगर कॉइलच्या सुट्या टोकांनाच लावायचा. कंट्रोल कार्डासकट लावला तर कार्ड जाईल.) किचनचं काम लांबल्यामुळे ओव्हन अख्खा पावसाळा खोक्यात, ओलसर बाल्कनीत पडून होता. कॉइलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती टोकांच्या सीलमधून हवेतली ओल शोषते. नवाकोरा ओव्हन आरसीसीबी पाडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. कॉइल खराब नसते, ओली असते.

ती वाळवायला अर्थ कापावा लागत नाही. आधी अर्थ पुन्हा जोडून ती तपासली. मग खालच्या कॉइलची टोकं सुटीच ठेवून, इन्सुलेट करून, ओव्हन फक्त ग्रिलवर १२० अंशांना दोन तास चालवला. आरसीसीबी एकदाही पडली नाही. पूर्ण थंड झाल्यावर खालच्या कॉइलचं रीडिंग ५ मेगओहमच्या वर आलं होतं. तसं आलं नसतं तर कॉइल बदलायला सांगितली असती. वॉरंटीतला ओव्हन घरी उघडायचा नाही. हे काम कंपनीच्या तंत्रज्ञाकडून किंवा त्याच्या संमतीने करून घ्यायचं, आम्हीही तसंच केलं.

मग वायरिंग. डीबी ते किचन १३ मीटर. हॉबसाठी स्वतंत्र ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि हिरवी तिन्ही ६ च्याच, डीबीत ३२ अँपिअरची डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी. हॉबला पिन नाही. ओट्याच्या बाजूला ३२ चा डीपी (डबल पोल) स्विच आणि तिथून कनेक्टर बॉक्समध्ये थेट जोडणी. हा स्विच हॉबच्या डोक्यावर घेऊ नये, तेल पेटलं तर हात ज्वाळेवरून न्यावा लागतो. ओव्हनसाठी ४ ची वायर, १६ ची एमसीबी आणि १६ चं सॉकेट. सॉकेट १६ चं असल्यावर एमसीबी त्याहून मोठी घालायची नाही. सॉकेट शेजारच्या कपाटात घेतलं. ओव्हनच्या पाठीमागे घेतलं तर पिन टॉप मागच्या पत्र्याला टेकतो, आणि साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंशांची आहे. दोन्ही लाइनींचे न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या पट्टीवर हवेत. एक जरी दुसरीकडे गेला तरी ती विनाकारण पडत राहते.

सगळ्यात जास्त गोंधळ हॉबच्या पाच कोरच्या केबलमध्ये होतो. आपल्याकडे घरात काळी म्हणजे न्यूट्रल, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हॉबची केबल युरोपच्या रंगांची असते. तिथे तपकिरी, काळी आणि राखाडी या फेजच्या आणि निळी न्यूट्रलची, तर आपल्याकडे निळी म्हणजे तिसरी फेज. थ्री फेजवर काळीला न्यूट्रल समजून जोडलं तर कार्डावर २३० ऐवजी ४०० व्होल्ट येतात आणि हॉब त्याच क्षणी जातो. या हॉबच्या तळाशी चिकटवलेल्या आकृतीत सिंगल फेजसाठी तपकिरी आणि काळी एकत्र फेजला, निळी आणि राखाडी एकत्र न्यूट्रलला असं होतं. प्रत्येक मॉडेलची आकृती वेगळी असू शकते, म्हणून रंगावरून अंदाज न करता आकृतीच बघायची. आधीच्या माणसाने काळी आणि राखाडी कापून सोडल्या होत्या, त्यामुळे डावीकडचे दोन झोन कधी चालूच झाले नव्हते. काकूंना वाटत होतं, ते बिघडलेले आले. आता जोड्यांना एकेका फेरूलमध्ये (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या नळीत) दाबून मग स्क्रू आवळले. बारीक तारा नुसत्या पिळून घातल्या की आठवड्याभरात सैल होतात, आणि ३२ अँपिअरला सैल स्क्रू म्हणजे वितळलेला कनेक्टर.

राहिला भार. हॉब आणि ओव्हन पूर्ण चालले तर ४७ अँपिअर, मेन ४० ची. हॉबच्या सेटिंगमध्ये कमाल भार कमी करता येतो, तो ३.५ किलोवॅटवर आणला. तरी दोन्ही मिळून ६.९ किलोवॅट होतात, म्हणून ओव्हन चालू असताना हॉब आणि गीझर बंद, असं काकूंना सांगितलं. महावितरणकडे थ्री फेज आणि वाढीव भारासाठी अर्ज त्याच आठवड्यात गेला, परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टसकट.

निघण्यापूर्वी फेज ते अर्थ २३१ व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट, पत्रा ते नळ शून्य. हॉब अर्धा तास चालवून प्रत्येक जोड गरम होतोय का ते पाहिलं. आरसीसीबीचं टेस्ट बटण काकूंकडूनच दाबून घेतलं आणि महिन्यातून एकदा दाबत जा, असं सांगितलं. “दादा, ती पडली की काय करायचं?” त्यांनी विचारलं. सगळ्या एमसीबी पाडायच्या, आरसीसीबी वर करायची, मग एकेक एमसीबी वर करत जायची. जिच्यावर ती पुन्हा पडेल, ती खालीच ठेवायची आणि फोन करायचा.