तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रकला शिकवणे सोडून कला-उपचार कशासाठी?

चित्रकलेची शिक्षिका म्हणून बस्तान बसलेले असताना मी कला-उपचाराकडे, म्हणजे चित्रनिर्मितीच्या आधाराने मनाच्या अडचणींवर उपचार करण्याच्या कामाकडे, का वळले, हा प्रश्न पालक आणि सहकारी मला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर माझ्या पदविकेपेक्षा आईच्या माहेरी, डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यावर अधिक सापडते.

तिथे लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी विधीचित्र, लिहितात, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री गाणी म्हणते आणि चौकात पालघट ही मातृदेवी आल्याखेरीज लग्न लागत नाही. त्या चित्राखाली कुणाचेही नाव नसते. एखाद्या नवख्या मुलीची रेघ थरथरली, तर शेजारची मावशी तिच्या हातातली काडी काढून घेत नाही; तीच रेघ ती पुढे नेते. घरात घडणाऱ्या मोठ्या बदलाला सगळ्यांनी मिळून सामोरे जाण्याची ही रीत मी लहानपणापासून पाहत आले.

शाळेत मी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी तयार करत असे. स्थिरचित्रातल्या छायाप्रकाशाला गुण द्यावेत, त्या शिस्तीचे मोल मला आजही वाटते. पण वडील गेल्यानंतर एक विद्यार्थी स्मरणचित्राच्या तासाला पुन्हा पुन्हा एकच बंद दार काढू लागला, तेव्हा त्या दाराच्या यथार्थदर्शनाविषयी (पर्स्पेक्टिव्ह) बोलणे मला क्रूरपणाचे वाटले आणि दुसरे काय बोलावे, हे मला कुणी शिकवलेले नव्हते.

ते शोधताना मला एडिथ क्रेमर भेटल्या. व्हिएन्नात जन्मलेल्या या चित्रकर्तीने १९३८ मध्ये अमेरिका गाठली आणि १९५० पासून न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत भावनिक अडचणींतल्या मुलग्यांबरोबर काम केले. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी तेरेझिन इथल्या नाझींच्या बंदिवासात मुलांना चित्रकला शिकवली होती. १९४४ मध्ये ऑशविट्झला त्यांची हत्या झाली. क्रेमर यांनी उपचारकाच्या मदतीला ‘तिसरा हात’ म्हटले आहे: चित्र पुढे जाण्यासाठी मदत करायची, पण आपली शैली किंवा आपला अर्थ त्यावर लादायचा नाही. ते वाचताना मला ती मावशीच दिसली.

मानसशास्त्राचा अभ्यास आणि अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखालचा सराव यांवाचून मात्र हे काम करू नये, असे माझे ठाम मत आहे. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, असली अनुमाने घातक असतात; चित्राचा अर्थ ते चित्र काढणाऱ्यानेच सांगावा आणि सांगायचा नसेल तर सांगू नये. माध्यमाची निवडही जपून करावी लागते, कारण पेन्सिलीवर ताबा ठेवता येतो, तर ओला रंग तो ताबा सैल करतो आणि घाबरलेल्या माणसाला ते सुरुवातीला झेपतेच असे नाही.

मग तुम्ही सर्वांकडून वारली चित्रेच काढून घेता का, असेही विचारले जाते. नाही. चौक त्या लग्नाचा, त्या घराचा आणि त्या बायकांचा असतो. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या हातून त्याच्या स्वतःच्या आकृत्या उमटाव्यात, एवढ्यासाठीच मी तिथे असते.