पद्मिनीची नोंद: कात्रजच्या घाटात अडणारी गाडी आणि वीतभर रबरी नळी

गेल्या रविवारी पहाटे माझी जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार जुन्या कात्रज घाटातून बोगद्यापर्यंत एकदाही न अडता चढली, बोगद्यापलीकडे जाऊन परत आली, आणि घरी येऊन दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तेव्हा पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ज्यांनी मागील दोन नोंदी वाचल्या आहेत त्यांना या वाक्यामागे किती आठवडे गेले आहेत हे सांगण्याची गरज नाही. दोष सापडला आहे. तो जिथे सापडला, तिथे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि सर्व ठीक आहे असे ठरवून पुढे गेलो होतो, म्हणून ही नोंद जरा विस्ताराने लिहीत आहे.

लक्षण थोडक्यात पुन्हा सांगतो. थंड इंजिन उत्तम सुरू होई. सहकारनगर ते स्वारगेट अशा सपाट रस्त्यावर गाडी तासभर फिरवली तरी तक्रार नसे, आणि घरासमोर तर ती दिवसभर आयडलवर, म्हणजे नुसते इंजिन चालू ठेवून, उभी राहिली असती. मात्र घाटात सलग दहा-बारा मिनिटे लोड पडला की आधी पिकअप जाई, मग दोन-तीन झटके बसत आणि इंजिन बंद पडे. दहा मिनिटे थांबले की काहीच घडले नसल्यासारखे पुन्हा सुरू होई, आणि तीन-चार वळणांनंतर तोच प्रकार.

गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते म्हटले की आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडी प्रथम ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल येते, तशी ती माझ्याही आली. कॉइलच्या प्रायमरीचा रोध थंड असताना तीन ओहमच्या आसपास होता आणि गरम झाल्यावरही त्यात लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. तरीही कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, डेल्कोतील (प्लगना वीज वाटणाऱ्या भागातील) पॉइंट घासून गॅप पुन्हा लावला. गाडी त्याच वळणावर बंद पडली. तेव्हा तिथेच बोनेट उघडून एक प्लग काढला, त्याची वायर जोडून तो ब्लॉकला टेकवला आणि सोबतच्या मित्राला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी निळी आणि जोरदार होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लग पूर्ण कोरडा होता. पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे झाकण उघडले तर फ्लोटच्या वाटीच्या तळाशी जेमतेम चमचाभर पेट्रोल उरलेले दिसले. इग्निशनचा विषय त्या क्षणी संपला. ही तपासणी मी कॉइल विकत घेण्यापूर्वी करायला हवी होती, आणि यापुढे कोणी मला असा प्रश्न विचारल्यास मी प्रथम प्लग ओला आहे की कोरडा, एवढेच विचारणार आहे.

पेट्रोल कमी पडते आहे हे कळल्यावर दुसरा संशय व्हेपर लॉकचा, म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडण्याचा, आणि तो अगदी सयुक्तिक होता. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठले गेले, आणि आता आपल्या जवळपास प्रत्येक पंपावर तेच मिश्रण मिळते. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर त्यातील हलके घटक त्याहूनही कमी तापमानाला वाफ होऊ लागतात. आपल्या १०८९ सीसी इंजिनाचा डायफ्राम (लवचिक पडद्याचा) पंप इंजिनालाच बसवलेला असल्याने तो तापतो, हे खरेच आहे. म्हणून पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड उष्णतारोधक पॅकिंग घातले, पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीला आवरण घातले, घाटात पंपावर ओले फडके टाकून पाहिले. फडक्याने थोडा फरक पडल्यासारखे वाटले, आणि त्या ‘वाटण्यात’ माझे तीन आठवडे गेले.

उलगड्याची सुरुवात एका साध्या प्रयोगाने झाली. उन्हामुळे वाफ होत असेल तर पहाटेच्या गारव्यात गाडी निदान आणखी काही वळणे चढली पाहिजे, असा विचार करून एका रविवारी साडेपाच वाजता निघालो. हवेत गारवा होता, रस्ता मोकळा होता, आणि गाडी दुपारी बंद पडत असे त्याच्या शंभर पावले अलीकडेच थांबली. दोष तापमानावर अवलंबून नव्हता. तो चढावर, म्हणजेच सलग किती पेट्रोल ओढले जाते यावर अवलंबून होता.

मग अंदाज बांधणे सोडून मोजमाप सुरू केले. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल म्हणून झाकण सैल ठेवून पाहिले, फरक नाही. पंपाची बाहेर जाणारी नळी बाटलीत सोडून सेल्फ मारला, बाटली भराभर भरली. याच चाचणीने मला सर्वांत जास्त फसवले, त्याचे कारण पुढे येईल. शेवटी जुन्या बाजारात बुधवारी एक वापरलेला व्हॅक्युम गेज, म्हणजे ओढ किती आहे ते दाखवणारा मापक, मिळाला. तो पंपाच्या आधी तीन तोंडांचा टी जोडून लावला आणि काचेबाहेर, वायपरच्या बाजूला घट्ट बांधला. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणू नये, प्रयोगापुरतीही नाही, आणि बोनेटखाली अशी जोडणी असताना आग विझवण्याचा सिलिंडर जवळ हवाच. आयडलवर काटा दोन इंच पाऱ्याच्या आसपास होता. घाट लागताच तो चारवर गेला, पहिल्या मोठ्या वळणानंतर सातवर, आणि इंजिन धापा टाकू लागले तेव्हा तेरावर. पंप जीव तोडून ओढत होता आणि मागून पेट्रोल येत नव्हते.

पंप निर्दोष ठरला आणि अडथळा पंप ते टाकी या टप्प्यात आला. मागे छोटा डबा नीट बांधून त्याची नळी गाडीखालच्या लोखंडी पाइपच्या मागच्या टोकाला जोडली, म्हणजे टाकी तेवढी वगळली गेली. गाडी बोगद्यापर्यंत गेली, काटा चारच्या वर चढला नाही. उरले काय, तर टाकीतील जाळी आणि टाकीपासून लोखंडी पाइपपर्यंतची वीतभर रबरी नळी. जाळी काढली, स्वच्छ होती. नळी काढून कॉम्प्रेसरची हवा मारली, आरपार गेली. या नळीची तपासणी मी पहिल्या आठवड्यातही अशीच केली होती आणि तेव्हाही ती मोकळीच ठरली होती. त्या संध्याकाळी मी खरोखर खचलो होतो.

रात्री जेवताना लक्षात आले की मी हवा नेहमी ढकलून पाहतो, पंप मात्र ओढतो. सकाळी औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणली, नळीच्या पंपाकडच्या टोकाला लावली आणि दट्ट्या मागे खेचला. थोडा आला आणि अडकला. सोडला तर परत आत गेला. नळी उभी चिरली तेव्हा आतला थर फुगून बाहेरच्या थरापासून सुटलेला दिसला, आणि त्याची जिभेसारखी पट्टी पोकळीत लोंबत होती. ढकललेली हवा तिला भिंतीला चिकटवत होती, ओढलेले पेट्रोल तिला तोंडावर आणून बसवत होते. जितकी मागणी जास्त तितके झाकण घट्ट, म्हणूनच आयडल सुरळीत आणि घाटात उपासमार. इंजिन थांबले की ओढ संपे, पट्टी हळूहळू सैल होई, वाटी भरे आणि गाडी सुरू होई. आपण त्याला ‘थंड झाल्यावर चालते’ म्हणत होतो. बाटलीच्या चाचणीत मी थोडाच वेळ सेल्फ मारला होता, तेवढ्या वेळात पट्टी तोंडावर बसतच नव्हती.

ही नळी दोन पावसाळ्यांपूर्वी मीच नवी म्हणून बसवली होती, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यावा असे मनात आले नाही. दुकानात ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळालेली साधी नायट्राइल रबराची नळी होती. पूर्वीच्या पेट्रोलवर अशी नळी वर्षानुवर्षे टिके, इथेनॉलच्या मिश्रणात मात्र असे रबर फुगते आणि त्याचे थर सुटतात. आता सर्व नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या घातल्या आहेत, ज्यांच्या आत फ्लोरोइलास्टोमरचा, म्हणजे आपण व्हायटन म्हणतो त्याचा थर असतो. नाना पेठेत दोन दुकानांत ‘सगळ्या गाड्यांना हीच लागते’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दुकानातील वयस्कर गृहस्थांनी मात्र न विचारता नळीवरची छपाई दाखवली, त्यांच्याकडून अडीच मीटर घेतली. नळीच्या अंगावर दर्जा छापलेला नसेल तर ती घेऊ नये, स्वस्तात मिळाली तरीही. क्लॅम्पही रविवार पेठेतून गुळगुळीत पट्टीचे आणले, कारण खाचांच्या पट्टीचे साधे क्लॅम्प मऊ रबर कापतात असा माझा अनुभव आहे. नळी आणि क्लॅम्प मिळून खर्च अकराशे रुपये झाला. त्याआधीच्या शोधात कॉइल, कंडेन्सर, पॅकिंग आणि आवरण यांवर याच्या तिप्पट गेले होते.

या काळात मनात घेतलेला विद्युत पंप आता बसवणार नाही. त्याची मागणी रद्द केली. तो टाकीजवळ बसवला असता तरी ही नळी त्याच्याही आधीच आली असती, म्हणजे तोच दोष नव्या, महाग पंपाच्या माथी आला असता. त्याऐवजी जुन्या पंपात व्हायटनचा डायफ्राम घातला, कारण मूळ डायफ्राम काढला तेव्हा कडा कडक होऊन तडे गेले होते. तो फाटला असता तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरले असते. ज्यांनी वर्षभरात पंप उघडलेला नाही त्यांनी आजच डिपस्टिक काढून वास घ्यावा.

टाकीला आतून लेप देण्याचा बेतही मी सोडत आहे. काही इपॉक्सी लेप इथेनॉलमध्ये सुटून त्याच जाळीत येऊन बसतात, आणि अशा दोषाचा पाठलाग पुन्हा करण्याची माझी तयारी नाही. टाकीतील गंज फॉस्फोरिक आम्लाने काढून, धुऊन, वाळवून ती पावसाळ्यात शक्यतो भरलेली ठेवणार, म्हणजे आतल्या मोकळ्या हवेतील ओलावा इथेनॉलला शोषता येणार नाही.

स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याचे काम मात्र मनासारखे झाले. मागील नोंदीत लिहिले होते की दांडा न्यूट्रलमध्ये चार बोटे हलत होता. नऱ्हे येथील एका लेथवर नायलॉनच्या गजातून तिन्ही बुश (सांध्यांतील अस्तरे) करून घेतले, मोजमापे मी झिजलेल्या नव्हे तर न झिजलेल्या बाजूवरून घेतली होती, आणि आता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा जागेवर जाऊन टक् असा बसतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी उभ्या गाडीत वीस वेळा गिअर बदलले असतील. डाव्या बाजूच्या फ्लोअरचा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडून झाला आहे, प्रायमरही मारला आहे. रंगाचे काम पावसाळ्यानंतरच, दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

इथपर्यंत लिहून रविवारचे प्लग पुन्हा पाहिले. चारही पांढरे आहेत. घाटात एकदाही न अडलेली गाडी उतरताना, हलक्या थ्रॉटलवर, किंचित अडखळत होती, ते मी नव्या नळ्यांवर ढकलून मोकळा झालो होतो. प्लग पाहून वाटते की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. शुद्ध पेट्रोलला हवेचे प्रमाण वजनाने १४.७ पट लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे, आणि आपल्या सोलेक्स कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) तर इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बेतलेले आहेत. जेटवरचा क्रमांक शतांश मिलिमीटरमधील व्यास असतो, त्यामुळे १२० च्या जागी १२५ घातला तर छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. हिशेब इतका जुळतो की आधी तोच प्रयोग करावासा वाटतो. नीडल व्हॉल्व्हखालचा वॉशर बदलून फ्लोटची पातळी चढवण्याचा विचार होता, पण त्याने आयडलपासून घाटापर्यंत सगळेच एकदम बदलेल आणि कशाने काय झाले ते कळणार नाही. एका वेळी एकच बदल, हे आता पक्के ठरवले आहे. उतारावरचे अडखळणे मुख्य जेटने गेले नाही तर पायलट जेटकडे, म्हणजे कमी थ्रॉटलवर पेट्रोल देणाऱ्या जेटकडे, वळेन.

घाई करण्याचे कारणही आहे. गाडी नोव्हेंबर १९८६ ची आहे, नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण यंदा येते, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे. एवढे भरून तपासणीला नेताना तिच्यात काही उणे राहू नये असे वाटते.

कोणाकडे सोलेक्सचा १२५ चा मुख्य जेट असेल, आणि त्याचे छिद्र कधीही रीमरने वाढवलेले नसेल, तर कृपया कळवावे. मी येऊन घेऊन जाईन. व्हॅक्युम गेज मी सांभाळून ठेवला आहे. पंपाआधीचा टी आता कायमचा ठेवला असून त्याला पितळी बूच बसवले आहे, आणि येत्या रविवारी दिवे घाटात गेज पुन्हा जोडून, नव्या नळ्यांवर काटा कुठवर जातो ते लिहून ठेवणार आहे.