हिरड्या आणि बीपीची गोळी

काकू तोंडाला पदर लावूनच खुर्चीत बसल्या. महिनाभरापूर्वी मीच त्यांचे दात साफ केले होते आणि वर 'नीट ब्रश करत जा' असं सुनावलंही होतं.

"डॉक्टर, दिवसातून तीनदा घासते हो. लोकांसमोर हसायचंच सोडलंय."

पुढच्या दातांमधल्या हिरड्या गाठी आल्यासारख्या फुगून निम्मे दात झाकले गेले होते. दाबून पाहिलं तर घट्ट लागल्या. नुसत्या अस्वच्छतेनं आलेली सूज लाल, मऊ असते, लगेच रक्त येतं. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बीपी आहे'. गोळी कोणती, ते मी विचारलंच नव्हतं.

काकूंनी पिशवीतून स्ट्रिप काढली. अ‍ॅम्लोडिपिन, 10 मिलिग्रॅम. "आधी 5 ची होती, दिवाळीनंतर वाढवली."

ही गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरायची वाट अडवते. कॅल्शियम कमी शिरलं की स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो. पण हिरड्यांमध्ये कोलॅजन, म्हणजे त्यांना घट्टपणा देणारं प्रथिन, बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावरही तिचा परिणाम होऊ शकतो. जुनं कोलॅजन मोडायचं काम मंदावतं आणि ते साचत जातं. सगळ्यांना हा त्रास होत नाही. याच गटातल्या निफेडिपिन या गोळीनं जास्त होतो, अ‍ॅम्लोडिपिननं कमी. दातांवर कीटण असेल तर वाढ आणखी जोर धरते, म्हणून ब्रश हवाच. पण दोष काकूंच्या ब्रशचा नव्हता. फिट्सवरच्या फेनिटॉइननं हिरड्या वाढतात हे कॉलेजात घोकलं होतं. बीपीच्या या गोळ्याही त्याच यादीत होत्या.

"मग आजपासून बंदच करते," काकू म्हणाल्या. मी घाबरलोच. गोळी मनानं सोडली आणि दाब चढला तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. त्यांच्यासमोरच त्यांच्या फिजिशियनना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंना तपासून अ‍ॅम्लोडिपिनऐवजी टेल्मिसार्टन ही बीपीची वेगळ्या गटातली गोळी सुरू केली.

अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश जातं. निम्मं उतरायलाच 30 ते 50 तास लागतात. हिरड्यांना तर महिने लागले. दर भेटीत कीटण काढत राहिलो. तीन महिन्यांनी खालचे दात पूर्ण दिसू लागले. वरच्या सुळ्याजवळचा भाग अजून जाड आहे, तो कापावा लागेल. तारीख काकूंनीच ठरवली आहे, नातीच्या साखरपुड्याच्या तीन आठवडे आधीची.