ज्युलिया ग्रँटचं ७३ वर्षं राहून गेलेलं पुस्तक

अमेरिकेच्या जुन्या प्रेसिडेंटांच्या बायका म्हटलं की सगळे मिसेस लिंकनवर येऊन थांबतात, मला मात्र प्रेसिडेंट युलिसिस ग्रँटची बायको ज्युलिया जास्त आवडते. १८६९ ते १८७७ व्हाइट हाऊसमध्ये होती आणि तिथून निघायला अजिबात तयार नव्हती. हे ती आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्वतःच लिहून गेलीय, आडपडदा नाही.

तिसऱ्यांदा उभं राहणार नाही असं ग्रँटने १८७५ साली पत्र लिहिलं, ते पोस्टात टाकून आला आणि मग बायकोला सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून ती भडकली, तर म्हणतो सांगितलं असतं तर तू टाकूच दिलं नसतंस. आमच्या सासूबाईंना हा किस्सा सांगितला तर त्या म्हणाल्या, "बायकोक बरी वळखता गे तो." मुद्दा संपला!

तिचा एक डोळा तिरळा होता, म्हणून फोटो बहुतेक बाजूनेच काढलेले. नवरा तेव्हा अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल, १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग शहर जिंकून तो देशभर फेमस झाला तेव्हा हिला वाटलं की आता मोठ्या लोकांत वावरायचं तर डोळा सरळ करून घ्यावा, गुपचूप डॉक्टरकडे गेली, तो म्हणाला उशीर झाला. नवऱ्याला कळलं तर तो म्हणे याच डोळ्यांच्या तर मी प्रेमात पडलो, राहू दे तसेच.

पण सगळंच गोड नाहीये हां. तिचे वडील मिसूरी राज्यातले मोठे जमीनदार, घरात गुलाम, आणि लहानपणाबद्दल लिहिताना बाई त्या गुलामांना सुखी-समाधानी करून टाकते. गोव्यात वाढलेल्याला हे लगेच ओळखू येतं. भाटकाराच्या (म्हणजे जमीनदाराच्या) घरी बसून मुंडकारांच्या (त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळांच्या) गोष्टी ऐका, सगळे आनंदातच असायचे! ज्यूल नावाची गुलाम मुलगी ज्युलियाबरोबर लढाईच्या छावण्यांतही असायची, ग्रँट गुलामगिरीवाल्यांशी लढतोय आणि बायकोच्या हाताखाली ही. युद्ध चालू असतानाच ती पळून गेली. बरं केलं.

व्हाइट हाऊस सुटल्यावर नवरा-बायको जगप्रवासाला निघाले, इंग्लंडमध्ये विंडसर कॅसलला राणी व्हिक्टोरियाकडे जेवले, फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, पुढे जयपूर, आग्रा, कलकत्ता. गोव्यात काय आले नाहीत, आमच्याकडे तेव्हा पोर्तुगीज.

नंतर मात्र वाट लागली. मुलाच्या पार्टनरने शेअरबाजाराच्या धंद्यात फसवलं, १८८४ मध्ये सगळे पैसे बुडाले आणि त्याच वर्षी ग्रँटला घशाचा कॅन्सर निघाला. बायकोला मागे काहीतरी राहावं म्हणून हा माणूस धड गिळता येत नसताना आठवणी लिहीत बसला, लिहून संपल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ ला गेला. पुस्तक लेखक मार्क ट्वेनच्या कंपनीने काढलं आणि ज्युलियाला साधारण साडेचार लाख डॉलर मिळाले, त्या काळचे!

मग तिनेही आपल्या आठवणी लिहिल्या. कुठल्याही फर्स्ट लेडीने त्याआधी असं केलं नव्हतं. पण छापायचं काही जमलं नाही, १९०२ मध्ये ती गेली आणि पुस्तक आलं १९७५ साली. जनरलसाहेबांच्या लढायांना लगेच गिऱ्हाईक, बाईच्या संसाराला ७३ वर्षं, काय बोलायचं.

कुणाला वाचायचं असेल तर मुलीच्या लग्नाचा भाग आधी वाचा, १८७४ मध्ये व्हाइट हाऊसच्या ईस्ट रूममध्ये लागलं होतं. परदेशातल्या मेजवान्यांची वर्णनं लांबलचक आहेत, ती गाळलीत तरी चालेल, मी गाळली.