जांभळा का मळला?

माझी भाची यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते आहे. गेल्या रविवारी ती आमच्याकडे दादरला आली ती रडवेला चेहरा घेऊनच. संकल्पचित्रातल्या फुलाला तिला जांभळा रंग हवा होता. तिने लाल आणि निळा मिसळला, आणि पाकळ्या झाल्या भिजवलेल्या आमसुलासारख्या.

"आत्या, पुस्तकात आहे तेच केलं गं मी. लाल अधिक निळा. मग जांभळा का नाही झाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपण सगळ्यांनीच ते पाठ केलेलं असतं: लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक, त्यांच्या जोड्यांमधून येणारे नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम, काळा, पांढरा, राखाडी हे तटस्थ. हे चुकीचं नाही, अपुरं आहे. कारण दुकानात नुसता 'लाल' मिळत नाही. तिची बाटली होती व्हर्मिलियनची, म्हणजे शेंदरी लाल. शेंदरी रंगात पिवळा आधीच दडलेला असतो. निळा होता प्रशियन, तो हिरव्याकडे झुकणारा. म्हणजे तिच्या लेखी बशीत दोनच रंग होते, पण पिवळा गुपचूप येऊन बसला होता.

आणि तिन्ही मूळ रंग एकत्र आले की मळकं होणारच. रंगद्रव्य आपल्याला रंग 'देत' नाही, ते प्रकाशातला काही भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. प्रत्येक नवा रंग आणखी थोडा प्रकाश गिळतो. तिघांनी मिळून गिळल्यावर उरतो तो चिखल.

मी तिला क्रिमसन आणि अल्ट्रामरीन काढून दिले. क्रिमसन जांभळ्याकडे झुकलेला लाल, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला निळा. दोघांच्यात पिवळ्याला शिरायला जागाच नाही. बशीत पिकलेल्या जांभळाचा रंग उतरला तेव्हा ती ओरडलीच, "हाच! हाच हवा होता!"

मग आम्ही थांबलोच नाही. घरातल्या सगळ्या पांढऱ्या बश्या बाहेर निघाल्या. लेमन यलोत प्रशियन ब्ल्यू घातला तर कोवळा पोपटी. गडद पिवळ्यात अल्ट्रामरीन घातला तर शेवाळी, आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर श्रावणात चढतो तसा. दोन्ही 'हिरवे'च, पण एक दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. मला विचाराल तर मुलांना बारा बाटल्यांच्या पेटीपेक्षा आधी सहाच द्याव्यात: दोन लाल, दोन पिवळे, दोन निळे आणि सोबत पांढरा. प्रत्येक बाटली कुठल्या बाजूला झुकते हे हाताला कळलं की रंगचक्र पाठ करावं लागत नाही.

तिने मध्येच शंका काढली की कॉम्प्युटरच्या तासाला तर लाल, हिरवा, निळा हे प्राथमिक सांगितले. तेही खरंच आहे. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून तिला दाखवलं, तर पांढऱ्या जागेत लाल, हिरवे, निळे ठिपके दिसले. तिथे प्रकाशात प्रकाश मिसळतो, म्हणून बेरीज होत होत पांढरा होतो. आपल्या बशीत वजाबाकी चालते.

माझं खरं प्रेम मात्र तटस्थ रंगांवर आहे. त्यांच्याविषयी शाळेत एका ओळीपलीकडे कुणी बोलत नाही. आई शेजारी अळूची पानं निवडत बसली होती. रंगचक्रात समोरासमोर बसणारे रंग एकमेकांना कसे विझवतात, लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा, हे मी भाचीला सांगत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "म्हणून तर बाबांच्या सदऱ्याला नीळ घालायचो ना आपण!"

इतकी वर्षं रंगवते आहे, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. पांढरा कपडा धुऊन धुऊन पिवळट पडतो. नीळ त्या पिवळटपणाला मारते आणि सदरा पुन्हा पांढरा दिसतो. शिवाय पुडीतली ती नीळ म्हणजे जांभळ्याकडे झुकलेला अल्ट्रामरीनच. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द हा निळा दगड दळून काढत आणि तो अतिशय महाग असे. १८२८मध्ये फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला तो कृत्रिमरीत्या बनवण्याबद्दल बक्षीस मिळालं, आणि पुढे तो धुण्याच्या बादलीपर्यंत पोहोचला.

सावलीसाठी मुलं सर्रास काळी बाटली उचलतात, ते मला फार खुपतं. पिकल्या हापूसच्या पिवळ्यात काळा मिसळून पाहा. सावली हिरवट होते आणि आंबा कच्चा दिसायला लागतो. त्याच पिवळ्यात जरासा जांभळा घातला, तर सावली तपकिरी होते आणि आंबा पिकलेलाच राहतो.

संध्याकाळी पाऊस थांबला तशी तिला दादर चौपाटीवर घेऊन गेले. तिच्या वहीतल्या स्मरणचित्रात समुद्र लख्ख निळा होता. समोरचा समुद्र मातकट, त्यावर ढगांचा राखी, आणि वरळीच्या बाजूला सी लिंकच्या तारा जेमतेम दिसत होत्या. निळा कुठेच नव्हता. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला; आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

घरी येऊन अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना कालवला. निळ्यासमोर नारिंगीच्या घराण्यातला तपकिरी. निळा जास्त पडला की कबुतराच्या मानेचा पारवा, तपकिरी जास्त पडला की चौपाटीच्या लाटेचा मातकट, पांढरा घातला की ढग. काळ्या-पांढऱ्याच्या राखाडीत हा जिवंतपणा येत नाही. दोनच बाटल्यांमधून सगळा ऑगस्ट निघाला.

निघताना मी बश्या धुवायला घेतल्या, तर तिने सकाळची आमसुली बशी हातातून काढून घेतली. "राहू दे आत्या," म्हणाली, "पाकळीच्या खालच्या बाजूला हाच लागेल."